औषध दिलेल्या कोंबड्यांची पाटी

रोह्याच्या बाजारात माझं कोंबडीचं दुकान आहे. अजून आहे, हे आधी सांगते. गेल्या हिवाळ्यात ते राहणार की जाणार अशी वेळ आली होती आणि बाजारातल्या काहींनी ते गेलंच असं धरून गाळ्याची चौकशीही सुरू केली होती.

गावचा दिवाळी अंक काढणाऱ्या मुलांनी धंद्याबद्दल लिहून मागितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला येतं, बोलायला त्याहून जास्त येतं. माझं लग्न कधी झालं, नवरा कधी गेला, हे लिहीत बसत नाही. ज्यांना ते माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. कोंबडीबद्दल लिहिते.

आमची शेड खांब गावात, हायवेपासून थोडी आत. तिथे मुलगा विजय आणि सून सविता पक्षी वाढवतात. आमच्या धंद्यात कोंबडीला पक्षी म्हणतात, आणि एका वेळी आणून वाढवलेल्या पिल्लांना बॅच. सकाळी विजय टेम्पोत जाळ्या भरून कोलाडवरून रोह्याला येतो आणि मी विकते.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"काकी, गावठी हाय का?"

"नाय."

"मग लाल कशी?"

"लाल गाय लाल दूध देते काय?"

आमचे पक्षी रंगीत असतात, पण पिल्लं हॅचरीतून येतात. पांढऱ्या ब्रॉयलरपेक्षा सावकाश वाढतात, मांस घट्ट असतं, चव बरी लागते. पण गावठी म्हणजे जी अंगणात किडे टिपत मोठी झाली ती. तशी आता गावातही मोजक्या घरी मिळते. बाजारात रंगीत कोंबडी गावठीच्या भावाने सर्रास विकतात. एकदा एक म्हातारा राखणीसाठी कोंबडा मागायला आला. शेताच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा कोंबडा द्यायची आमच्याकडे रीत आहे आणि तो घरच्या अंगणातला लागतो. माझ्या जाळीतला तुरेवाला कोंबडा त्याला फार आवडला होता. मी सांगितलं, "बाबा, हा हॅचरीचा. देवाला फसवायचं असेल तर दुसऱ्या दुकानात जा." तो पुटपुटत निघून गेला. पुढच्या आठवड्यात घरी खायला दोन पक्षी माझ्याकडूनच घेऊन गेला.

आमच्या मालाची दुसरी गोष्ट, तो औषधावर वाढवलेला नसतो. याचा अर्थ लोक भलताच घेतात. पक्षी आजारी पडला तरी औषध द्यायचं नाही, असा तो नाही. आजारी जिवाला औषध न देणं हा अडाणीपणा. पण काही ठिकाणी पक्षी धडधाकट असतानाही पाण्यातून, खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक चालू ठेवतात. मग दाटीत कोंबले तरी ते तग धरतात आणि लवकर भरतात. ते आम्ही करत नाही. आम्ही जागा मोकळी ठेवतो, खाली अंथरलेलं भाताचं तूस कोरडं ठेवतो, थंडीवाऱ्याप्रमाणे पडदे वर-खाली करतो. लस देतो, पण लस वेगळी. आणि एखाद्या बॅचला आजारपणात औषध द्यावंच लागलं, तर पाकिटावर जी मुदत लिहिलेली असते ती संपेपर्यंत विकायचं नाही. मुदत पाळली की खायला हरकत नसते. पण त्या बॅचला मग "बिनऔषधाची" म्हणायचं नाही. नियम सांगायला सोपा आहे.

समोरच्या गाळ्यात नितीनने फ्रीजमधल्या चिकनचं दुकान टाकलं तेव्हा माझी विक्री घसरली. नितीन आमच्याच गावचा, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्याच्याकडे दुरून पाकिटबंद चिकन येतं. स्वच्छ, कापलेलं, पाकिटावर हिरव्या पानाचं चित्र. माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडून पाकीट घेत आणि रस्ता ओलांडून मला विचारायला येत, "काकी, हे चांगलं हाय ना?" पहिल्या दिवशी मी रागावले. दुसऱ्या दिवशी विचार केला, विचारायला का होईना, येतात ना माझ्याकडे. मग दुकानात सविता असली की तिच्याकडून पाकिटं वाचून घ्यायला लागले. ती बारावी झालेली. जे कळलं नाही ते सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना विचारलं.

पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं सोडून द्यायचं, हे मी पहिल्यांदा शिकले. "हार्मोन नाही" असं लिहिलेलं असतं. अरे, हार्मोन कोंबडीला देतच नाहीत. हजारो पक्षी रोज धरून सुई कोण टोचणार? मग मीही पाटी लावते, माझ्या कोंबडीत विंचू नाही. "नैसर्गिक" आणि "फार्म फ्रेश" याने काहीच कळत नाही. कोंबडी फार्मवरचीच असते, गिरणीतून निघत नाही. कातडी पिवळी म्हणजे गावठी, असंही नसतं. मका जास्त खाल्ला की पिवळी होते. "अँटिबायोटिक-मुक्त" लिहिलं असेल तर विक्रेत्याला एक प्रश्न विचारा. वाढवताना कधीच दिलं नाही, की दिलं होतं पण आता मांसात उरलेलं नाही? दोन्ही खरं असू शकतं, पण दोन्ही एक नव्हे. आणि मग पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. परवान्याचा नंबर आहे का, कधी भरलं, कधीपर्यंत वापरायचं, किती थंड ठेवायचं. आणि मांसाखेरीज आत काय आहे. एका पाकिटावर सविताला पाणी आणि मीठ सापडलं.

मी नितीनला हाक मारली. "नितीन, ह्यात पाणी हाय असं लिवलंय."

"काकी, ते माझ्या दुकानातलं हाय."

"म्हणून तर तुला विचारते."

"कंपनी घालते. मी काय बादली घेऊन बसतो काय?"

तो हसला, मीही हसले. पोरगा लबाड नाही. जे येतं ते विकतो.

ज्याला परवडत नाही त्यानेही चांगलं खावं, असं मला वाटतं, म्हणून हेही सांगते. बिनहाडाचे तुकडे घेऊ नका, त्यात कापणाऱ्याची मजुरी असते. अख्खा पक्षी घ्या. एक दिवस मांस होतं, दुसऱ्या दिवशी पाठ, मान आणि पायांचा रस्सा होतो. अंडी देऊन थकलेल्या कोंबड्या स्वस्त मिळतात. त्यांना शिजायला वेळ लागतो पण रस्सा झकास होतो. तशी कोंबडी पोपटीत मात्र घालू नका. दात राहणार नाहीत.

पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भात कापला की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरतो. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डा या वासाच्या रानझुडपाचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, बटाटे, आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. आमचा निम्मा धंदा त्या दिवसांत होतो.

तर गेल्या हिवाळ्याचं. त्याआधीच एका कंपनीचा माणूस शेडवर येऊन गेला होता. शेड तुमची, मेहनत तुमची; पिल्लं, खाद्य, औषधं आमची, तयार पक्षी आम्ही उचलू, तुम्हाला किलोमागे मजुरी. असे करार पुष्कळ जण करतात आणि त्यांचं बरं चालतं. पण मग कधी काय पाजायचं ते कंपनी ठरवणार, आणि माझ्या दुकानाला आमचा माल उरणार नाही. विजयला ते पटलं होतं. फ्रीजच्या दुकानानंतर आमचे पक्षी उरायला लागले होते आणि उरलेला पक्षी रोज खातो.

"आई, हट्ट किती दिवस करशील?"

"पोपटीपर्यंत. ही बॅच पोपटीत सगळी गेली नाय तर सही कर. मी आडवी येणार नाय."

"एक जरी उरला तरी?"

"एक उरला तर मी खाईन. दोन उरले तर सही कर."

बॅच छान भरत होती. पेणची वंदना, जिच्या नवऱ्याचा गणपतीचा कारखाना आहे, तिने सगळ्या कामगारांच्या पोपटीसाठी मोठी मागणी सांगून ठेवली होती. रोह्यातल्याही पुष्कळ घरांची मागणी होती. आणि मग पहाटेच्या दवाने घात केला. एका कोपऱ्यातले पक्षी शिंकायला लागले. सविताने ते आधी ओळखलं. डॉक्टरबाई आल्या, म्हणाल्या, तूस ओलं झालंय, ते बदला, हवा खेळू द्या, शिंकणारे वेगळे काढा आणि फक्त तेवढ्यांना औषध द्या. आम्ही तसं केलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आणि सविता तूस आणायला गेलेली असताना विजयने औषधाचं पाकीट मोठ्या टाकीत ओतलं. शेजारच्या गावातल्या एका शेडमध्ये पक्षी पटापट मेलेले त्याने पाहिले होते. घाबरला. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा त्यानेच सांगितलं.

"आई, टाकीत औषध टाकलं मी."

"कुठल्या टाकीत?"

"मोठ्या."

सविताने तव्यावरची भाकरी उलटायची तशीच ठेवली.

"सगळे प्यायले?" तिने विचारलं.

"दुपारपासून पितायत."

"आता बाईंना विचारून पुरं कर," मी म्हटलं. "अर्धं सोडायचं नसतं ते."

विजयला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडून औषध कोंबडीच्या पोटातून बाहेर येत नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "कोणाला कळणार हाय? सगळे ठणठणीत दिसतात."

"तुला कळलंय, सविताला कळलंय, मला कळलंय. खांबात तिघांना कळलं म्हणजे गावाला कळलं."

"मग सही करू?"

"अजून पोपटी संपली नाय."

बाईंनी मुदत सांगितली. मुदत संपायच्या आत सगळ्या मागण्यांचे दिवस येऊन जात होते. गटारीला असं झालं असतं तर आम्ही तिथेच संपलो असतो, कारण गटारी पुढे ढकलता येत नाही. श्रावण लागला की लागला. पण पोपटीला तिथी नाही, मुहूर्त नाही. वाल भरले की पोपटी. मी एकेकाला फोन करायला घेतला. पहिला वंदनाला.

"वंदना, रविवारची कोंबडी मिळायची नाय."

"म्हणजे गो काकी? सगळ्यांना सांगून झालंय माझं."

"औषध दिलं गेलंय. मुदत संपू दे."

"मग संपली म्हणा."

"म्हणेन. संपल्यावर."

"तोवर वाल जून होतील. लाकडं खायची काय आम्ही?"

तिचं खरं होतं. हळवं भात लवकर कापलं जातं, त्या शेतातले वाल लवकर भरतात आणि लवकर जून होतात. पण गरवं भात उशिरा निघतं. तिथले वाल मागाहून येतात.

"गरव्या शेतातले वाल मी देते," मी म्हटलं. "कोंबडी आणि वाल दोन्ही इथून घेऊन जा."

"आणि नाय मिळाले तर?"

"तर मला येऊन शिव्या दे. रोह्यापर्यंत गाडी येते तुझ्याकडून."

"शिव्या मी फोनवरपण देईन," ती म्हणाली. पण पोपटी पुढे ढकलली.

मग मी आणि सविता खांबच्या खालच्या अंगाची शेतं बांधाबांधाने हिंडलो. ओढ्याकडच्या ओलीच्या जमिनीत वाल अजून भरायचे होते. त्या शेतकऱ्यांना शेंगा आमच्यासाठी राखून ठेवायला सांगितलं. त्यांनाही बरं झालं. उशिराच्या वालाला एरवी पोपटीवाले विचारत नाहीत.

दुकानात मी पाटी लावली. सविताने मोठ्या अक्षरात लिहिली: "या बॅचच्या कोंबड्यांना औषध दिलेले आहे. मुदत संपेपर्यंत विक्री बंद. नंतर मिळतील, पण बिनऔषधाच्या म्हणून नव्हे." खाली बारीक अक्षरात काहीच नव्हतं. पाटीखाली रिकाम्या जाळ्या ठेवून मी रोज दुकान उघडून बसले. शेजारची भाजीवाली म्हणाली, "स्वतःच्या मालाची बदनामी करणारी बाई पहिल्यांदा बघतेय." नितीनही आला.

"काकी, विकायला काय नाय तर घरी आराम करा ना."

"पाटी कोण समजावणार? तू?"

लोक वाचत, थांबत, विचारत. कसलं औषध, का दिलं, मुदत म्हणजे काय. इतकी वर्षं मी कोंबडी विकली, पण इतकं बोलले नव्हते. एक जुनं गिऱ्हाईक पाटी वाचून माघारी गेलं ते आजतागायत आलेलं नाही. माझ्याकडे त्यांच्या दोन पिढ्यांनी कोंबडी नेली. त्याचं वाईट वाटतं. गप्प बसले असते तर ते राहिले असते, हेही मला माहीत आहे.

काहींना दम निघाला नाही. बाजारातल्या एका टोळक्याने नितीनची पाकिटं नेऊन रविवारी पोपटी लावली. सोमवारी नितीन स्वतः सांगत आला.

"काकी, मडक्यातून पाणी गळलं. जाळच विझला."

"बर्फ सुटू दिला होता काय?"

"कसला सुटतोय. गाडीतून सरळ मडक्यात."

"आणि वाल?"

"वालाची उसळ झाली. अळणी."

मडकं उपडं, आत बर्फाचं आणि कंपनीचं पाणी, भोवती जाळ. पाकीट कढईसाठी ठीक होतं. पोपटीत घालायची चूक आमच्याच लोकांनी केली, कंपनीला पोपटी काय माहीत. मी नितीनला चहा पाजला. त्याचं तोंड उतरलं होतं. टोळक्याने कोंबडीचे पैसे परत नाही मागितले, पण अख्खी पोपटी त्याच्या नावाने ओरडली होती.

मुदत संपली. बाईंनी शेडमध्ये येऊन पक्षी पाहिले आणि आता हरकत नाही म्हणाल्या. त्या सकाळी विजयने टेम्पो भरून आणला. जाळ्या उतरवताना माझ्याकडे बघत नव्हता. वाढलेले दिवस खाऊन पक्षी भरले होते. सावकाश वाढणारी जात म्हणून बेडौल झाले नव्हते. पाटी मी तशीच ठेवली, फक्त सविताने "मुदत संपली" एवढं वर जोडलं. वालाच्या शेंगांची पोती पायरीशी लावली, कोवळ्या, नुकत्या भरलेल्या.

सकाळी गिऱ्हाईक आलं, पण गर्दी नाही. दुपारपर्यंत निम्म्या जाळ्या तशाच. विजय म्हणाला, "बघितलंस?" मी म्हटलं, "अजून जेवले नाय मी. जेवून बघते."

जेवण झालं आणि बाजारातलं ते टोळकं आलं. त्यांना परत पोपटी लावायची होती आणि त्यांच्या गावातले वाल जून झाले होते. कोंबड्या नेल्या, वाल नेले. वाल बघून आणखी लोक आले. उशिराचे कोवळे वाल रोह्यात त्या दिवशी फक्त माझ्या पायरीवर होते. ज्यांनी एकदा पोपटी केली होती ते दुसऱ्यांदा करायला निघाले. एका बाईने पाटीवर बोट ठेवून विचारलं, "पुढच्या बॅचला औषध दिलं तर परत लावणार काय?" मी म्हटलं, "नाय लावली तर समजा की दिलं नाय." ती दोन म्हणाली होती, चार घेऊन गेली.

संध्याकाळी वंदना कारखान्याचा टेम्पो घेऊन पेणहून आली. हातावर अजून रंगाचे डाग. एक शेंग सोलून दाणा चावून बघितला, मग दुसरी.

"शिव्या राहिल्या गो काकी."

"पुढच्या वर्षी दे."

"उरलेले सगळे टाका टेम्पोत. शेजारच्या कारखान्यातले पण विचारत होते."

"त्यांना सांगितलंस, औषध दिलेलं होतं म्हणून?"

"म्हणून तर विचारतायत. सांगणारी बाई कोण ते बघायचंय म्हणाले."

विजयने रिकाम्या जाळ्या मोजल्या आणि एकात एक घातल्या. आतल्या कोपऱ्यात एक पक्षी राहिला होता. मी म्हटलं, "हा आपला." सविताने तो त्याच रात्री रस्सा करून वाढला. विजयने दोनदा घेतला.

चार दिवसांनी नितीन एक रिकामं पाकीट घेऊन आला. त्याला फ्रीजमध्ये आमची कोंबडी ठेवायची होती आणि वर काय लिहायचं ते विचारायचं होतं. सविता आणि तो अर्धा तास वाद घालत बसले. त्याला हिरवं पान हवं होतं. सविताने जातीचं नाव, शेड कुठली, कधी कापली आणि औषध दिलं की नाही एवढंच ठेवलं. पान मिळालं नाही.

त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस खांबला आला. मोटारसायकल शेडच्या दाराशी लावली, बॅगेतून कागद काढले. मी तूस पसरत होते, उठले नाही. विजयची गोष्ट विजयने निस्तरायची.

"ठरलं ना मग?" त्याने विचारलं. "शेड रिकामीच दिसतेय."

विजयने कागद हातातही घेतले नाहीत. "साहेब, गाडी जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. "आमच्या पिल्लांची गाडी वळणावर आलीय."

त्याने गाडी बाजूला घेतली.